कान खाजतोय? आधी फिरकी बघा

फोंड्यातल्या आमच्या दुकानात चवथीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत एक तक्रार हमखास येते : "तुमच्या कुड्या घातल्या आणि कान चिघळला. सोन्यात भेसळ आहे का?" काही जणी तर "मला सोनंच सोसत नाही" असं धरून चालतात. गर्दीत हे नीट समजावता येत नाही, म्हणून हे पत्रक.

अशा वेळी पहिला संशय निकेलवर घ्यावा. धातूंच्या अ‍ॅलर्जीत सर्वांत जास्त आढळते ती निकेलचीच. युरोपातल्या पाहण्यांत साधारण ८ ते १९ टक्के प्रौढांना ती दिसते आणि बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी पट जास्त, कारण त्यांचे कान टोचलेले असतात आणि नकली दागिने लहानपणापासून अंगावर असतात.

घामातल्या खारामुळे धातूतून निकेल सुटतं आणि कातडीत शिरतं. सुरुवातीला काहीच होत नाही, कधी वर्षानुवर्षं. पण शरीराने एकदा निकेलशी वैर धरलं की ते बहुधा जन्मभर टिकतं. त्यानंतरही खाज लगेच सुटत नाही, एक-दोन दिवस जातात. शनिवारी जत्रेच्या फेरीतले झुमके घातले, सोमवारी सोन्याच्या कुड्या चढवल्या आणि त्याच दिवशी कान खाजला, तर दोष कुड्यांवर येतो. आपल्या दमट हवेत कानामागचा घाम सुकत नाही, त्यामुळे त्रास आणखी वाढतो.

आता मुख्य मुद्दा. आमच्याकडे तपासायला येणाऱ्या कुड्यांची दांडी सोन्याची असते, फिरकी मात्र दुसरीच. मूळ फिरकी न्हाणीघरात पडते आणि नवी होईपर्यंत म्हणून बांगड्यांच्या दुकानातली लावली जाते. ती तात्पुरती फिरकी मग वर्षभर तिथेच राहते. अशी फिरकी बहुधा पितळेची असते, तिच्यावर निकेलचा थर आणि त्यावर सोनेरी मुलामा. रोज फिरवून मुलामा झिजतो आणि निकेल थेट पाळीला लागतं. पुरळ पाळीच्या पुढे नसून मागे असेल, तर फिरकी तपासाच.

म्हणूनच आम्ही हाताशी असलेली कुठलीही फिरकी बसवून देत नाही, थांबायला सांगतो. काहींना ते आवडत नाही, पण पुढे कान चिघळलेला बघण्यापेक्षा हे बरं. सोन्याच्या आणि चांदीच्या फिरक्या आमच्याकडे सुट्या मिळतात, वजनावर. येताना कुडी बरोबर आणा. आटे जुळले नाहीत तर दांडी झिजते, आणि नुसत्या अंदाजाने नेलेली फिरकी बदलायला तुम्हाला पुन्हा यावं लागतं.

२२ कॅरेट सोन्यात ९१.६ टक्के सोनं असतं, उरलेलं सहसा तांबं आणि चांदी. ९२५ चांदीतही मिसळ बहुधा तांब्याचीच. १८ कॅरेट पांढऱ्या सोन्यात मात्र निकेल असू शकतं, ते विचारून घ्या. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, निकेल आहे की नाही ते सांगत नाही. आणि जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते : तांबं, जस्त आणि निकेल. हल्ली मुली ज्या काळपट ऑक्सिडाइज्ड झुमक्यांच्या मागे आहेत, त्यांतले कितीतरी याच धातूचे असतात.

शंका असेल तर दागिना घेऊन या, आमच्याकडून घेतलेला नसला तरी चालेल. कापसाच्या काडीवर डायमिथाइलग्लायऑक्सिमचे थेंब घेऊन आम्ही तो घासतो. काडी गुलाबी झाली तर निकेल सुटतं आहे. याचे पैसे घेत नाही, दागिन्यालाही काही होत नाही. मात्र मुलामा शाबूत असेल तर आतलं निकेल यात सापडत नाही.

नखपॉलिश लावून नकली फिरकी वापरायचा उपाय काही जणी करतात. तो थर चार दिवसांत उडतो.

लहान मुलींचे कान आम्ही सोन्याच्या तारेनेच टोचतो. जखम पुरी भरेपर्यंत नकली काहीही घालू नका. उघड्या जखमेतून निकेल सहज आत जातं आणि अ‍ॅलर्जीची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते.

कानातून पाणी येत असेल तर आम्ही मलम सुचवत नाही. दागिना काढा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते पाठीवर पॅच टेस्ट लावतात, दोन दिवसांनी पट्टी काढून बघतात आणि पुढे पुन्हा एकदा तपासतात. निकेलचं नक्की झालं तर घड्याळाचा पट्टा, जीन्सचं बटण आणि पट्ट्याचं बक्कलही तपासून घ्या.