एकत्र नांदणाऱ्या जाती आणि एकत्र राहूनच फुटलेल्या जाती

जीवांच्या नव्या जाती (स्पीशीज) घडतात कशा? मध्ये डोंगर किंवा जमिनीसारखा अडसर आला, समूह दुभंगला, दोन्हीकडे वेगळे बदल साठत गेले आणि दोन जाती झाल्या, हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी, म्हणजे दोन अमेरिकांना जोडणारी जमिनीची चिंचोळी पट्टी, पूर्ण झाली आणि समुद्र दुभंगला. तिच्या दोन्ही अंगांना नांगी वाजवणाऱ्या कोळंबीच्या जोडजाती, म्हणजे एकाच पूर्वजापासून फुटलेल्या जातींच्या जोड्या, आजही सापडतात. त्यावर वाद नाही.

गोंधळ होतो तो दुसऱ्या प्रकारात, म्हणजे अडसराविना, एकत्र राहूनच जाती फुटण्यात. एकाच पाण्यात दोन सख्ख्या जाती दिसल्या की लगेच लिहिलं जातं, ‘बघा, अडसराविना नवी जाती!’ हे वाचून खरंच वैताग येतो. आज त्या शेजारी आहेत, एवढंच यातून कळतं. फुटल्या तेव्हा कुठे होत्या, हा प्रश्न वेगळा आहे. ईशान्य पॅसिफिकमधले मासे खाणारे आणि सील मारणारे ओर्का (किलर व्हेल) एकमेकांत प्रजनन करत नाहीत, म्हणून त्यांचा दाखला सर्रास दिला जातो. पण जनुकीय अभ्यास सुचवतात की त्यांचे पूर्वज आधी दूर गेले आणि नंतर पुन्हा एका पाण्यात आले.

कॅरिबियनमधल्या ऑर्बिसेला प्रवाळांचंही तेच. एक जाती सूर्यास्तानंतर लवकर बीजं (अंडी आणि शुक्राणू) पाण्यात सोडते, तिच्या भावंडजाती त्याच रात्री तास-दोन तास उशिरा. तेवढ्यात आधीची बीजं पाण्यात विरळ होतात, त्यांचा जोमही ओसरतो. आजचा दुरावा कसा टिकतो, हे यातून छान कळतं; तो कसा सुरू झाला, हे मात्र कळत नाही.

एकत्र राहून फुटणं अवघड, कारण दर पिढीत जनुकांची सरमिसळ होते. नवं अन्न किंवा नवं घर मानवणारी जनुकं एकीकडे आणि जोडीदाराची आवड ठरवणारी दुसरीकडे, अशी ताटातूट होत राहते. एकाच सवयीने घर आणि जोडीदार दोन्ही ठरत असतील, तरच गाठ टिकते. म्हणून मला गोबिओडॉन या इवल्या माशांचा दाखला सर्वांत भक्कम वाटतो. ते प्रवाळाच्या फांद्यांत राहतात, तिथेच जोडी जमवतात, तिथेच अंडी घालतात. प्रवाळ बदलला की जोडीदारही बदलला. पापुआ न्यू गिनीत अशा यजमानबदलातून नवी जाती घडत असल्याचे पुरावे २००४ मध्ये मांडले गेले.

किनाऱ्यावरच्या शंखगोगलगायींचे दोन प्रकार, एक लाटांचा मारा असलेल्या पट्ट्यातला आणि दुसरा खेकड्यांच्या पट्ट्यातला, एकत्र नव्हे तर लगत राहतात. तो तिसरा प्रकार, त्याला इथे ओढू नये.