मिशनकार्य व उपजीविका, विदर्भातील

ग्रामीण विदर्भात ख्रिस्ती मिशनांनी धर्मप्रसाराच्या जोडीने उभी केलेली कारागिरी, शुश्रूषा, शेती व रोजगाराची कामे आणि त्यांना देशी-परदेशी मंडळ्यांकडून मिळणारे पाठबळ.

या प्रथेचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल एकमत नाही. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. विदर्भातील मिशनांचा इतिहास बहुधा तेथून सांगतात. मात्र हिस्लॉप यांचा भर शाळेवर होता, आणि भूविज्ञान व आदिवासींच्या अभ्यासातही त्यांनी मोलाची भर घातली. टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना १८६३ मध्ये पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. उपजीविकेची कल्पना त्यांच्याही आधीची असल्याचे काही अभ्यासक दाखवितात. बर्लिनचे धर्मोपदेशक गॉसनर यांनी पाठविलेले कारागीर-मिशनरी १८४२ च्या सुमारास अमरकंटकजवळील करंजिया येथे गोंडांमध्ये राहिले. हातच्या कामावर पोट भरावे व त्यातूनच सेवा करावी, असा गॉसनर यांचा दंडक होता. पटकीने त्यांच्यातील बहुतेकांचा अल्पावधीत बळी घेतला आणि वाचलेल्यांपैकी काही जण नागपूर-कामठीकडे वळले. हा दुवा मनाला भिडणारा खरा; पण करंजिया विदर्भाबाहेर आहे आणि तो प्रयोग पुढे चालला नाही. म्हणून प्रत्यक्ष प्रथा १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांपासून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते.

या दुष्काळांत वऱ्हाडातील पोरकी मुले मिशनांच्या आश्रयाला आली. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकी मिशनने अकोल्यास मुलांची व खामगावास मुलींची सोय केली. मुले मोठी झाल्यावर त्यांनी काय करावे, हा प्रश्न उपदेशाने सुटणारा नव्हता. धर्मांतरामुळे गावकीतील व बलुत्यातील हक्क जाण्याची भीती असे आणि जमीन तर बहुतेकांकडे नव्हतीच. त्यामुळे हस्तव्यवसायाचे शिक्षण हा मिशनच्या जगण्याचाच भाग झाला.

कुष्ठसेवेचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. अचलपूरजवळील कोठारा येथील आश्रमाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील मानतात. पुढे तो लेप्रसी मिशन या कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेच्या कामाचा भाग झाला. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुऔषधी उपचारांची शिफारस केल्यानंतर जंतूंचा नाश महिन्यांच्या हिशेबात होऊ लागला. बधिर झालेले हातपाय मात्र तसेच राहतात. कापूस वेचताना बोंडाची टोके टोचलेली कळत नाहीत, चुलीचा चटका जाणवत नाही आणि जखम चिघळून बोटे जातात. म्हणून मऊ, सूक्ष्मछिद्री रबराच्या (एमसीआर) चपला, अवजारांच्या जाड मुठी, वाकड्या बोटांवरील शस्त्रक्रिया व नंतरचे व्यवसायशिक्षण हीच खरी उपजीविकेची सेवा होय. देणगीदारांना इमारती दिसतात; चपलांचा खर्च वर्षानुवर्षे लागतो आणि तोच आधी तुटतो.

वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल (नाझरीन पंथाचे) आणि यवतमाळ जिल्ह्यातील उमरीचे (फ्री मेथडिस्ट पंथाचे) ही रुग्णालयेही याच परंपरेतील. मेळघाटात चिखलदऱ्यास कॅथलिक आश्रमाची कॉफीची लागवड आहे. चंद्रपूर-बल्लारपूर भागात केरळमधील सीरो-मलबार या कॅथलिक चर्चचे काम १९६२ पासूनचे आहे.

मदत व आमिष यांतील सीमारेषेचा वाद जुना आहे. विदर्भ मध्य प्रदेशात असताना, १९५४ मध्ये, नागपूरचे निवृत्त न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. शाळा-दवाखाने धर्मांतराचे साधन होऊ नयेत, असे तिने १९५६ च्या अहवालात म्हटले. मिशनांनी तिचे निष्कर्ष अमान्य केले. दुष्काळातील अनाथ मुलांबाबत समितीच्या शंकेला वजन आहे, कारण मुलाला निवडीची मोकळीक नसते. हाच आक्षेप कुष्ठसेवेला लावणे मात्र कठीण जाते.

पाठबळाचे स्वरूप आता पालटले आहे. विदेशी अंशदान (विनियमन) कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधी एका संस्थेकडून दुसरीकडे वळविण्यास बंदी केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. खेड्यांतील लहान संस्था मोठ्या संस्थांमार्फत निधी घेत असत. ती वाट बंद झाली. स्थानिक मंडळ्यांकडे, म्हणजे गावोगावच्या उपासकसमूहांकडे, उरतो तो दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला देणे) आणि कापणीचा सण. त्या दिवशी ज्वारी, तूर, भाजीपाला, कोंबड्या उपासनेस आणतात व नंतर त्यांचा लिलाव होतो. कोरडवाहू कापसाचे पीक बुडाले की हे उत्पन्नही त्याच वर्षी घटते.