हृदयशूळ (अँजायना)

हृदयाच्या स्नायूला गरजेपुरता प्राणवायू न मिळाल्यामुळे छातीत येणारी आवळल्यासारखी कळ म्हणजे हृदयशूळ. तो स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. मूळ दुखणे बहुधा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांमध्ये (धमन्यांमध्ये) चरबीचे थर साचल्याचे असते. इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डेन यांनी १७६८ मध्ये लंडनमध्ये त्याचे वर्णन मांडले: चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच छाती दाटून येते आणि उभे राहताच त्रास निवतो. निदानाची किल्ली आजही तीच आहे.

विश्रांतीतही हृदयाचा स्नायू त्याच्याकडे आलेल्या रक्तातला सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेतो. त्यामुळे कष्ट वाढले की जास्तीचे रक्तच यावे लागते. रोहिणीचा व्यास ७० टक्क्यांच्या आसपास अरुंद झाला की ती वाढ अडते. शिवाय हृदयाला स्वतःचे रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळते. नाडी धावू लागली की तो विसावा आखूड होतो. म्हणून ताप, संताप किंवा रक्तक्षयही कळ आणू शकतो. अंगात रक्त कमी असलेल्या बाईची कळ तपासताना हिमोग्लोबिन पाहायलाच हवे.

कळ छातीच्या मध्यभागी येते आणि डावा हात, खांदा, मान, खालचा जबडा, पाठ किंवा पोटाच्या वरच्या भागाकडे पसरते. रुग्ण तिला क्वचितच ‘दुखणे’ म्हणतो. ‘छाती गच्च झाली’, ‘दगड ठेवल्यासारखं वाटतंय’ असे सांगत तो छातीवर मूठ ठेवतो. एका बोटाने दाखवता येणारी, दाबल्यावर किंवा श्वास घेताना वाढणारी, क्षणभर चमकून जाणारी कळ सहसा हृदयाची नसते. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात मात्र धाप, घाम, मळमळ किंवा अचानक गळून गेल्यासारखा थकवा एवढेच दिसू शकते.

मराठवाड्यात घराघरांत या कळेला आधी ‘पित्त’ किंवा ‘गॅस’ म्हणतात. माणूस काम टाकून बसतो, सोडा पितो, ढेकर येते, कळ थांबते आणि श्रेय सोड्याला जाते. खरे तर कळ थांबली ती बसल्यामुळे. म्हणून विचारायचे ते हे: कोणत्या कामाला येते? किती वेळ टिकते? थांबल्यावर जाते का? उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढताना, देवगिरी किल्ला चढताना किंवा तुळजापूरला दर्शन घेऊन पायऱ्या चढून परतताना दर वेळी छाती भरत असेल, तर ते पित्त समजून सोडून देऊ नये.

ठरावीक कष्टाला येणारी आणि दोन ते दहा मिनिटांत विश्रांतीने जाणारी कळ म्हणजे स्थिर हृदयशूळ. अस्थिर प्रकार धोक्याचा. कळ नव्याने सुरू होते, कमी कष्टालाही येऊ लागते किंवा बसल्या जागी वीस मिनिटांहून अधिक टिकते. इथे चरबीच्या थराला तडा जाऊन गुठळी धरत असते. हा हृदयविकाराच्या झटक्याचा उंबरठा आहे. तिसऱ्या प्रकारात रोहिणी आकसते आणि कळ बहुधा मध्यरात्र ते पहाट या वेळात येते. चौथ्यात बारीक वाहिन्यांचा दोष असतो. अँजिओग्राफी (रोहिण्यांत रंगद्रव्य सोडून काढलेली क्ष-किरण चित्रे) स्वच्छ निघते, पण रुग्णाचा त्रास खरा असतो. हा प्रकार रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, आणि ‘मनाचे खेळ’ म्हणून त्यांना परत पाठवणे हा अन्याय आहे.

धोका वाढवणारी कारणे: तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल, वाढते वय आणि पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून मोठा कमरेचा घेर. वडील किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर जोखीम वाढते. बिडी ओढत नाही म्हणून निश्चिंत राहता येत नाही. चुना-तंबाखू, गुटखा आणि बायकांची मिश्री यांतले निकोटीनही नाडी व रक्तदाब चढवते.

विश्रांतीत काढलेला ईसीजी (हृदयाचा विद्युत आलेख) अनेकदा अगदी सामान्य येतो. कागद चांगला आला म्हणून शंका मिटत नाही. गरजेनुसार ट्रेडमिल चाचणी (चालत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी), इको (हृदयाची सोनोग्राफी), सीटी किंवा अँजिओग्राफी करतात.

डॉक्टरांनी जिभेखालची गोळी (सहसा ५ मिलिग्रॅम आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट) दिली असेल, तर कळ येताच आधी बसावे. उभ्याने घेतल्यास रक्तदाब उतरून भोवळ येते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, अंगातले पाणी कमी असताना तर अधिकच. गोळी गिळायची नाही, ती जिभेखाली विरघळू द्यायची. लैंगिक शक्तीसाठीचे सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टॅडालाफिल घेतल्यावर ४८ तास ही जिभेखालची गोळी घेऊ नये, कारण रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. पाच मिनिटांत आराम पडला नाही, तर १०८ ला फोन करावा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल, तर ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खावी. तांड्यावर किंवा वस्तीवर असताना मोटारसायकलवर मागे बसून निघू नये. वाटेत शुद्ध हरपली तर छातीदाब (सीपीआर) देणारे कोणी नसते.