बालत्वचारोगतज्ज्ञ

बालत्वचारोगतज्ज्ञ म्हणजे साध्या भाषेत लहान मुलांचा स्किनचा डॉक्टर. काल जन्मलेल्या बाळापासून ते नुकते पिंपल्स यायला लागलेल्या पोरापर्यंत सगळ्यांची कातडी, केस आणि नखं हा बघतो. गोव्यात बऱ्याचदा हे काम नेहमीचा स्किनवाला आणि पोरांचा डॉक्टर आपसात वाटून घेतात, आणि जुनी माणसं दोघांनाही दोतोरच म्हणतात, तो शब्द पोर्तुगीज ठेवून गेले.

शिक्षण लांबलचक आहे. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग तीन वर्षं एमडी, ज्याच्या नावातच त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असे तिन्ही येतात, आणि मुलांच्या कातडीचं खास शिक्षण हवं असेल तर त्यानंतर परत फेलोशिप. शाखा म्हणून हे प्रकरण तसं तरुण आहे, १९७२ साली मेक्सिको सिटीत याची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि अमेरिकेत वेगळी बोर्डाची परीक्षा तर २००४ मध्ये सुरू झाली. गोव्यातलं डॉक्टरी शिक्षण त्यापेक्षा कितीतरी जुनं, १८४२ ला पणजीत सुरू झालेली एस्कोला मेदिका म्हणजेच आजचं बांबोळीचं जीएमसी, गोवा मेडिकल कॉलेज.

आता वेगळा डॉक्टर कशाला? तर बाळाचं वजन कमी आणि त्या मानाने अंगावरच्या कातडीचा पसारा मोठा. त्यामुळे मोठ्या माणसाला लावलेलं मलम जेमतेम कातडीपुरतं राहतं, तेच बाळाच्या अंगभर चोपडलं तर रक्तात जास्त जातं, आणि डायपरच्या आत लावलं तर अजूनच जास्त, कारण वरून प्लास्टिक बांधल्यासारखंच होतं ना ते. स्ट्राँग स्टेरॉइड असं महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, आणि कधीकधी पोराच्या वाढीवर पण परिणाम होतो.

म्हणूनच या डॉक्टरचं निम्मं कौशल्य औषध लिहिण्यात नसतं, आधी काय काय लावून झालंय ते शोधण्यात असतं असं माझं मत. ओपीडीत बघा, आई किंवा आजी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढते आणि टेबलावर ट्यूबा मांडते. एक शेजारणीने दिलेली, एक मेडिकलवाल्याने दिलेली, एक मोठ्या दिराची उरलेली, मधोमध दाबून चपटी झालेली, नाव पुसून गेलेलं. डॉक्टर पोराच्या आधी त्या ट्यूबा वाचतो. त्यात बुरशीचं, बॅक्टेरियाचं आणि स्टेरॉइड अशी सगळी औषधं एकत्र कालवलेली ट्यूब हमखास सापडते. नायट्यावर ती लावली की चार दिवसांत खाज आणि लाली गायब, सगळे खूश, आणि आत बुरशी निवांत पसरत असते. मग तिचा नेहमीचा गोल आकार पण राहत नाही, डॉक्टरला सुद्धा ओळखायला त्रास होतो. २०१८ साली केंद्राने कातडीवर लावायच्या स्टेरॉइड्सना शेड्यूल एच मध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो, विश्वकोशात बसत नसली तरी. डिचोलीला बहिणीचं सात महिन्यांचं पोर रात्रभर रडायचं, तळपायावर पाण्याचे बारीक फोड. आई म्हणाली घामोळं, शेजारी म्हणाले पावसाचं पाणी बाधलं, दुकानदाराने एक ट्यूब दिली आणि महिनाभर तीच चालली. शेवटी स्किनवाल्याकडे नेलं तर त्याने पोराचे तळपाय बघितले आणि पोराला सोडून बहिणीलाच विचारलं, ताई तुम्हाला रात्री खाजतं का, जरा बोटं दाखवा. तिच्या बोटांच्या बेचक्यात बारीक पुटकुळ्या! खरूज. मोठ्यांना तोंडावर आणि तळव्यांवर सहसा येत नाही, पण तान्ह्या बाळाला तळहात, तळपाय, डोकं कुठेही येते, त्यामुळे घरच्यांना ती खरूज वाटतच नाही. उपाय म्हणजे ५ टक्के परमेथ्रिनचं क्रीम, मोठ्यांना मानेखाली सगळीकडे आणि बाळाला डोळे-तोंड सोडून डोक्यालासुद्धा, रात्रभर ठेवून सकाळी अंघोळ, आठवड्याने परत एकदा. दोन महिन्यांखालच्या बाळाचं गणित वेगळं, तिथे डॉक्टरलाच विचारायचं. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, ज्याला खाजत नाही त्याने पण, कारण पहिल्यांदा खरूज होते तेव्हा खाज सुटायला चार-सहा आठवडे लागतात, तोवर माणूस गुपचूप वाटत फिरतो. कपडे-चादरी गरम पाण्यात धुवायच्या, जे धुता येत नाही ते काही दिवस पिशवीत बांधून ठेवायचं, अंगाबाहेर तो किडा दोन-तीन दिवसच टिकतो. आमच्या भावोजींनी 'मला काय झालंय' म्हणून लावलं नाही. सगळं परत पहिल्यापासून.

गोव्यातल्या पोरांचं म्हणून काही खास आहे. मार्च ते मे काजूचा सीझन, पोरं ओल्या बिया फोडतात नाहीतर आगीत भाजतात, आणि सालीतलं तेल हाताला, ओठाला लागून कातडी काळी पडते, फोड येतात, दोन दिवसांनी सोलते. आंब्याचा चीक तोंडाला लागून होतं तेही याच जातीचं, आणि बिब्ब्याचं पण, तिन्ही झाडं एकाच कुळातली. म्हणून खाज थांबावी म्हणून पोराच्या अंगावर बिब्बा लावणं म्हणजे आगीवर फेणी ओतणं. दुसरं किनाऱ्यावरचं. कुत्र्या-मांजरांच्या शीतून वाळूत आलेल्या हुकवर्मच्या अळ्या अनवाणी पायात घुसतात आणि कातडीखाली सापासारखी नागमोडी लाल रेघ रोज थोडी थोडी पुढे सरकते. बघायला भयंकर, पण ती अळी माणसात मोठी होऊ शकत नाही, अल्बेंडाझोलसारख्या गोळीने मरते. वाळूत ढुंगणावर बसून किल्ला करणाऱ्या पोराला ही रेघ कुठे उमटते ते सांगायला नको. बाकी पावसात घामोळं, गळवं, मधासारख्या पिवळ्या खपल्यांचं इन्फेक्शन हे तर रोजचंच.

गालावर फिकट पांढरे डाग हा आयांना घाबरवणारा विषय. कोणी म्हणतं कॅल्शियम कमी, कोणी म्हणतं जंत, आणि आजीच्या मनात असतं कोड, पण ती शब्द उच्चारत नाही. बहुतेक वेळा ती नुसती कोरडी कातडी असते, उन्हात रापलेल्या गालावर उठून दिसते, मॉइश्चरायझर लावून वाट बघितली की जाते. डॉक्टर वुड्स लॅम्प म्हणून जांभळ्या उजेडाचा दिवा असतो तो लावून बघतो, कोड असेल तर डाग खडूसारखा चमकतो. कुष्ठरोगाच्या डागावर स्पर्श नीट कळत नाही, म्हणून त्याची शंका असली तर कापसाची वात करून ती हळूच टेकवायचा खेळ खेळतात, डोळे मीट, कुठे लागलं बोटाने दाखव. पाच वर्षांचं पोर छान दाखवतं, दोन वर्षांचं वात खायला बघतं.

एक बदल मात्र खरंच मोठा झाला. बाळाच्या अंगावर पहिल्या काही आठवड्यांत स्ट्रॉबेरीसारखी लाल गाठ वाढायला लागते, त्याला हिमँजिओमा म्हणतात. आधी त्यावर भरपूर स्टेरॉइड द्यायचे. २००८ साली फ्रान्समध्ये बोर्दोच्या डॉक्टरांना दिसलं की हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलेल्या बाळाची गाठ आपोआप मऊ पडून आक्रसतेय, आणि तेच औषध आता जगभर देतात. पण गाठ वाढते ती मुख्यतः पहिल्या तीन-पाच महिन्यांत, त्यामुळे डोळ्याजवळ, नाकावर किंवा ओठावर असेल तर 'मोठं झालं की जाईल' म्हणून बसू नये, त्याच महिन्यात दाखवावं, डोळ्यावर दाब आला तर नजर कायमची अधू होऊ शकते.

एक्झिमा, म्हणजे कातडी कोरडी पडून सारखी खाजत राहते तो आजार, त्या पोरांचं प्रकरण वर्षानुवर्षं चालतं. इथे डॉक्टरला आजीशी तह करावा लागतो. डाळीचं पीठ, हळद, घासून घासून मालिश, कडक गरम पाणी हे बंद, खोबरेल चालेल. अंघोळ पाच-दहा मिनिटं, कोमट, आणि अंग टिपून ओलसर असतानाच क्रीम. स्टेरॉइडसुद्धा लागतंच, घाबरून न लावणं हा पण तितकाच घोळ, फक्त किती ते मोजून, मोठ्या माणसाच्या बोटाच्या पेरावर मावेल तेवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. आणि पुढच्या वेळी येताना तीच पिशवी परत आणा असं सांगतात, कारण त्यात मधल्या काळात एखादी नवीन ट्यूब आलेली असते.