गिबनांचे गायन आणि जोडीजीवन

गिबन हे शेपूट नसलेले, लहान चणीचे कपी. त्यांच्या सुमारे २० जाती ईशान्य भारतापासून दक्षिण चीन आणि इंडोनेशियापर्यंतच्या जंगलांत झाडांच्या शेंड्यांवर राहतात. दाट पानोळ्यात नजर फार लांब पोचत नाही, आवाज मात्र किलोमीटरभर किंवा त्याहूनही दूर ऐकू जातो. त्यामुळे शेजाऱ्यांशी त्यांचा बराचसा व्यवहार आवाजावरच चालतो.

बहुतेक जातींत नर-मादी मिळून गातात. या युगुलगायनाचा गाभा म्हणजे मादीची दीर्घ साद. पांढऱ्या हातांच्या गिबनची मादी लांब, संथ सुरांनी सुरुवात करते. सूर चढत टिपेला जातात आणि मग उतरतात. तेवढा वेळ नर गप्प असतो. तिची साद संपत आली की तो आपले थरथरते उत्तर जोडतो. सियामांग या गिबन जातीत नर आणि मादी दोघांनाही फुगणारी कंठपिशवी असते. इंडोनेशियातील जावा बेटावरचे आणि मेंतावाई बेटांवरचे गिबन मात्र युगुलगायन करत नाहीत.

गाण्याचा साचा मुख्यतः जन्मजात असतो. थायलंडच्या खाओ याई राष्ट्रीय उद्यानात दोन जातींच्या संकरातून जन्मलेल्या माद्यांची साद दोन्हींच्या अधलीमधली असते. तरीही हे गाणे यांत्रिक नाही. तिथल्याच गिबनांवरील २००६ च्या अभ्यासात दिसले, की शिकारी प्राणी दिसल्यावर ते तेच सूर वेगळ्या रचनेत गातात आणि कळपापासून दूर असलेले गिबनही ते ओळखून प्रतिसाद देतात.

एकत्र गाणारी जोडी जन्मभर एकनिष्ठ असते, असे दीर्घकाळ मानले जाई. हा निष्कर्ष घाईचा होता. १९९० च्या दशकापासूनच्या क्षेत्रनिरीक्षणांत शेजारच्या नरांशी समागम, जोडीदार बदलणे, एका मादीसोबत दोन नर असणे, हे सगळे आढळले. चीनमधील काही तुरेवाल्या गिबनांत एका नरासोबत दोन प्रजननक्षम माद्या नांदतात. गाणे हद्द आणि सोबत जाहीर करते. पितृत्वाची खात्री त्यातून मिळत नाही. गर्भकाळ सुमारे ७ महिन्यांचा असतो. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते आणि पुढचे साधारण तीन वर्षांनी. म्हणूनच शिकार किंवा जंगलतोडीने घटलेली संख्या फार सावकाश भरून निघते.

गणना करणारेही कानावरच भिस्त ठेवतात. पहाटे वेगवेगळ्या टेकड्यांवर बसून प्रत्येक गाण्याची दिशा आणि वेळ नोंदवतात व त्या रेषा जिथे छेदतात तिथे एक कळप धरतात. युगुलगायन न करणाऱ्या जातींत मादीची साद मोजली जाते.