मधुमेहींची पादत्राणे

मधुमेहामुळे तळपायाची संवेदना बोथट झालेल्या किंवा पायांचा रक्तपुरवठा घटलेल्या रुग्णांसाठी निवडलेली वा खास बनवलेली पादत्राणे. संवेदना व रक्ताभिसरण शाबूत असेल, तर नीट मापाची कोणतीही वहाण चालते. ती चावलेली कळेनाशी होते, तेव्हा प्रश्न उभा राहतो. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून ही संवेदना तपासतात.

उगम : या पादत्राणांचा उगम मधुमेहात नसून मुख्यतः कुष्ठरोगाच्या उपचारांत आहे. संवेदनाहीन सांध्यांच्या मोडतोडीचे फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी १८६८ मध्ये केलेले वर्णन मज्जारज्जूच्या विकाराबाबत होते. मधुमेहाशी या मोडतोडीचा संबंध अमेरिकी वैद्य जॉर्डन यांनी १९३६ मध्ये दाखवला. पादत्राणांची वाट मात्र तमिळनाडूतील वेल्लोरहून निघते. १९४६ मध्ये तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या तळव्यावरील व्रण रोगजंतूंमुळे नव्हे, तर न जाणवणाऱ्या दाबामुळे होतात, असे मत मांडले. तळव्याखाली सूक्ष्मकोशी रबराचा (एमसीआर; बारीक हवेचे कोश असलेले मऊ रबर) थर देण्याची पद्धत त्यातून रुजली. हे रबर ब्रँड यांचाच शोध असल्याचे काही ठिकाणी आढळते; परंतु वेल्लोर व जवळच्या करिगिरी येथे साधारण १९५० नंतर अनेकांच्या हातून योग्य मऊपणाचा प्रकार ठरत गेला, असे मानणे अधिक सयुक्तिक. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले आणि हे ज्ञान तेथून मधुमेहाच्या उपचारांत उतरले.

रचना : एमसीआरची कठीणता शोअर मापनाने (रबराची कठीणता मोजण्याची पद्धत; अंश जितके कमी तितके रबर मऊ) सुमारे १५ अंश असते. स्पंज याहून मऊ, पण वजनाखाली पार दबतो आणि चवडा पुन्हा कठीण तळावर येतो. म्हणून ‘जितके मऊ तितके चांगले’ ही समजूत चुकीची आहे. एमसीआरखाली काटा वा खिळा न शिरणारा टणक तळ लागतो. कुष्ठरुग्णांच्या चपलांना तो पुष्कळदा टायरचा असे. जोडणीत खिळे टाळतात. टाचेमागे पट्टा हवा, कारण बधिर पायातून चप्पल निसटलेली कळत नाही. अंगठा असलेली कोल्हापुरी किंवा हवाई चप्पल याच कारणाने, तसेच बोटांच्या बेचक्यात घासत असल्याने, अयोग्य ठरते.

परिणामकारकता : मतभेद आहेत. इटलीतील १९९५ च्या अभ्यासात खास पादत्राणे वापरणाऱ्यांपैकी सुमारे २८ टक्के, तर नेहमीची वापरणाऱ्यांपैकी ५८ टक्के रुग्णांना वर्षभरात पुन्हा व्रण झाले. अमेरिकेतील २००२ च्या मोठ्या चाचणीत असा लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र तिच्यातील बऱ्याच जणांची संवेदना शाबूत होती आणि पायात तीव्र व्यंग असणाऱ्यांना वगळले होते. त्यामुळे बधिर पायांबाबत पहिला निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतो.

निवड : माप संध्याकाळी, उभे राहून, दोन्ही पायांचे घेतात. आतली लांबी पावलापेक्षा १ ते २ सेंमी. जास्त ठेवतात. पाऊल वाकडे झालेले असल्यास साचा घेऊन जोडा करवावा लागतो. घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा किंवा उसवलेली शिवण पाहतात. घरातही अनवाणी चालणे टाळण्यास सांगतात. देवळाच्या तापलेल्या फरशीवर तळवे भाजण्याची भीती असतेच, पण वहाण बाहेर काढण्याच्या रिवाजापुढे हा सल्ला बहुधा हरतो. काळ्या एमसीआरची चप्पल कुष्ठरोग्याची ओळख बनल्याने अनेक मधुमेही ती नाकारत. ईव्हीए या हलक्या प्लॅस्टिकसारख्या फोमच्या, नेहमीच्या जोड्यांसारख्या दिसणाऱ्या रचनांना त्यामुळेही मागणी आली.