अँड्रॉइड खुलं कसं झालं आणि कुठे कुठे बंद होत गेलं

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या एका मित्राचा टॉवेलचा कारखाना आहे. तिथल्या कामगारांच्या फोनमध्ये एक छोटं ॲप आहे. पाळी संपली की किती नग निघाले ते त्यात भरायचं, आणि आठवडा संपला की पगाराचा हिशेब तिथेच बघायचा. मित्राच्या पुतण्याने इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना ते लिहिलं. मराठी, तेलुगू किंवा कन्नड, ज्याला जी भाषा वाचता येते ती निवडता येते. ॲप प्ले स्टोअरवर कधी गेलं नाही. चाळीसेक माणसांचं ॲप, तिकडे न्यायचं कशाला? एपीके, म्हणजे ॲप फोनवर चढवायची फाइल, व्हॉट्सॲपवर पाठवली, फोनने विचारलेल्या परवानगीला 'हो' म्हटलं आणि काम सुरू झालं.

२५ ऑगस्ट २०२५ रोजी गुगलने एक नियम जाहीर केला, तो नेमका या वाटेवर येऊन उभा राहतो. गुगलने प्रमाणित केलेल्या अँड्रॉइड फोनवर ॲप टाकायचं, तर ते बनवणाऱ्याने आपली ओळख गुगलकडे नोंदवलेली असली पाहिजे. ॲप प्ले स्टोअरमधून येवो की व्हॉट्सॲपवरून, नियम तोच. खरं नाव, पत्ता, फोन नंबर द्यायचा, आणि ॲपही आपल्या नावावर नोंदवायचं. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या देशांत सुरुवात, आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने बाकीच्या जगात, असं वेळापत्रक त्या वेळी सांगितलं गेलं.

ही बातमी कारखान्यात पोचली तेव्हा मित्राने मला सरळ विचारलं, "अँड्रॉइड ओपन सोर्स आहे म्हणतात ना? मग गुगल अडवणार कसं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर चाळीस वर्षांत विखुरलेलं आहे.

सोलापुरी माणसाला ओपन सोर्स समजावायला लांब जावं लागत नाही. आपल्या चादरीवरची नक्षी जॅकार्डवर निघते. भोकं पाडलेली जाड कागदाची कार्डं एकापुढे एक ओवलेली असतात. भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. बाण्याचा एक धागा टाकला की पुढचं कार्ड येतं. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास निघालेली ही युक्ती पुढे संगणकाच्या पंचकार्डांपर्यंत पोचली. आता बऱ्याच मागांवर कार्डांच्या जागी फाइल आली आहे, पण तत्त्व तेच. विकत घेतलेली चादर म्हणजे तयार प्रोग्रॅम. ती पांघरता येते, पण तिच्यावरचा मोर बदलून हत्ती करता येत नाही. त्यासाठी कार्डं हातात हवीत. चादर उसवून, धागे मोजून कार्डं पुन्हा काढणारे कसबी लोक आहेतच, पण ती फार किचकट मेहनत आहे. सॉफ्टवेअरची 'कार्डं' म्हणजे त्याचा सोर्स कोड.

हा कोड वापरणाऱ्याच्या हातात असलाच पाहिजे, असा आग्रह अमेरिकेतले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर करून धरला. त्यांचं मोठं काम माझ्या मते कायद्याच्या बाजूचं आहे. १९८९ मध्ये त्यांनी जीपीएल नावाचा परवाना आणला. कोड घ्या, बदला, विका, पण ज्याला प्रोग्रॅम द्याल त्याला बदललेला कोडही द्यावा लागेल, अशी त्यातली अट. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नेल, म्हणजे यंत्राचे भाग आणि प्रोग्रॅम यांना जोडणारा गाभा, जगापुढे ठेवलं आणि पुढच्याच वर्षी ते जीपीएलखाली आणलं. 'ओपन सोर्स' हा शब्द १९९८ चा. नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा कोड खुला करायचं ठरवलं, त्या सुमारास तो रूढ झाला. त्याच कोडमधून पुढे मोझिला आणि फायरफॉक्स निघाले.

फोनचं जग तेव्हा या सगळ्यापासून दूर होतं. २००५ च्या आसपास नवी पेठेत फोन घ्यायला गेलं की नोकिया आणि नोकियाच. त्यातल्या मोठ्या फोनांवर सिंबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम चालायची. नोकियाने ती फेब्रुवारी २०१० मध्ये खुली केली, पण तोवर उशीर झाला होता. वर्षभरात कंपनी मायक्रोसॉफ्टच्या वाटेला लागली.

अँड्रॉइड ही २००३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली छोटी कंपनी. २००५ मध्ये गुगलने ती विकत घेतली. ५ नोव्हेंबर २००७ रोजी ३४ कंपन्यांची ओपन हँडसेट अलायन्स जाहीर झाली, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये एचटीसीने बनवलेला पहिला अँड्रॉइड फोन अमेरिकेत आला. त्याच महिन्यात कोडही बाहेर पडला.

इथे एक निवड झाली, आणि मित्राच्या प्रश्नाचं मूळ त्या निवडीत आहे. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नेल आहे, ते जीपीएलचं. त्याच्या वरचा बहुतेक भाग मात्र गुगलने अपाचे परवान्याखाली ठेवला. हा परवानाही कोड घ्या, बदला, विका असंच म्हणतो, पण बदललेला कोड परत द्या असं म्हणत नाही. फोन कंपन्यांना हेच हवं होतं. आपण केलेले बदल प्रतिस्पर्ध्याला दाखवावे लागणार नाहीत, या भरवशावर त्या आल्या, आणि म्हणूनच अँड्रॉइड इतक्या झपाट्याने पसरलं. कर्नेलचा कोड देणं बंधनकारक असूनही स्वस्त फोनांच्या कितीतरी कंपन्यांनी तो कधी दिला नाही, ही याच काळातली वाईट गोष्ट. फोन दोन वर्षांत जुना पडतो आणि नवी आवृत्ती त्यावर चढत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरी गोष्ट हळूहळू घडली. नकाशे, सूचना, लोकेशन, पैसे भरणं, ही कामं गुगलने खुल्या अँड्रॉइडमधून काढून प्ले सर्व्हिसेस नावाच्या बंद थरात नेली. खुलं अँड्रॉइड कुणीही घेऊ शकतो, पण प्ले स्टोअर हवं असेल तर गुगलशी करार करावा लागतो, आणि फोनला गुगलचं प्रमाणपत्र लागतं. नवा नियम 'प्रमाणित' फोनांना लागू होतो तो याच वाटेने. कोडचा परवाना न बदलता, कराराच्या आणि प्रमाणपत्राच्या जोरावर. मित्राला मी सांगितलं, "कार्डं सगळ्यांना दिली, पण बाजाराची वेस त्यांच्या हातात राहिली."

या करारांवर भारतातही निकाल झाला आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या बाबतीत वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये अशाच कारणासाठी ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला होता. आपल्या आयोगाने दंडासोबत बरेच निर्देश दिले. एपीके थेट फोनवर टाकण्याच्या वाटेत अडथळे आणू नयेत, हा त्यातलाच एक. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले आणि त्यात हाही गेला. तेव्हा या एका ओळीकडे फारसं कुणी पाहिलं नाही. आज मला ती त्या निकालातली सर्वांत महत्त्वाची ओळ वाटते.

पण खुल्या कोडने आपल्याला काय दिलं तेही नीट सांगायला हवं, कारण ते थोडंथोडकं नाही.

सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर मराठी म्हणजे चौकोनी डबे दिसायचे. डबे गेले तरी अक्षरं धड जुळायची नाहीत. 'सिद्धेश्वर' लिहावं तर वेलांटी 'स'च्या आधी न येता मागे लटकायची, 'द'चा पाय मोडून 'ध' वेगळा उभा राहायचा आणि 'श्व'चे दोन तुकडे व्हायचे. ग्रामदैवताचं नाव असं मोडलेलं पाहून गड्ड्याच्या यात्रेचे संदेश लोक इंग्रजी लिपीतच टाकायचे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण त्यात अक्षरांना नुसते क्रमांक मिळतात. जोडाक्षर कसं घडवायचं ते वेगळ्या प्रोग्रॅमला ठरवावं लागतं. ते काम करणारा हार्फबझ हा खुला प्रोग्रॅम. नाव फारसी आहे, त्यातला 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाझ' म्हणजे खुलं. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस यांच्यात तोच आहे आणि अँड्रॉइडनेही तोच घेतला. फॉन्टांचंही तसंच. रेड हॅटने २००४ मध्ये भारतीय लिपींचे लोहित फॉन्ट खुले केले, पुढे गुगलचे नोटो आले.

नोव्हेंबर २०१४ मध्ये अँड्रॉइड ५.० आलं. त्यात १५ नव्या भाषा होत्या, आणि मराठी, तेलुगू, कन्नड या तिन्ही त्याच यादीत होत्या. सोलापूरच्या तिन्ही भाषा फोनमध्ये एकाच आवृत्तीत आल्या. साखर पेठेत एका घरात आजी तेलुगू बोलते, नातू मराठी शाळेत जातो आणि शेजारी कानडी असतो. त्या शहरासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती! पुतण्याच्या ॲपमध्ये तीन भाषा आहेत त्या याच पायावर. जोडाक्षर घडवण्याची एक ओळही त्याला लिहावी लागली नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक प्रयोग भारतात आला होता. मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसवर चालणारा इंटेक्सचा क्लाउड एफएक्स, किंमत १,९९९ रुपये, रॅम फक्त १२८ एमबी. फोन कुरकुरत चालायचा, ॲप मोजकीच, व्हॉट्सॲपची वाट बघत लोक थांबले आणि मग सोडून गेले. मोझिलाने तो प्रकल्प बंद केला. पण कोड खुला होता, म्हणून तो संपला नाही. त्यातूनच कायओएस निघालं, आणि २०१७ मध्ये ते जिओफोनमध्ये बसलं. १,५०० रुपये अनामत ठेवून घरात आलेल्या त्या बटणांच्या फोनने विडी वळणाऱ्या कितीतरी बायकांच्या हातात पहिल्यांदा इंटरनेट दिलं. एका कंपनीने सोडून दिलेलं काम दुसऱ्याला उचलता आलं, हे फक्त खुल्या कोडमुळे.

दुरुस्तीच्या दुकानांनाही याचा मोठा आधार होता. फोन हँग होतो, लोगोवर अडकतो, तेव्हा 'सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणणारी मुलं नवी पेठेत रांगेने बसलेली असायची. त्यातली हुशार मुलं बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टिम चढवणारा प्रोग्रॅम, उघडून कंपनीने सोडलेल्या फोनवर सायनोजेनमॉड चढवायची. २००९ मध्ये हौशी लोकांनी सुरू केलेलं ते अँड्रॉइड २०१६ च्या अखेरीस बंद झालं आणि लिनिएजओएस म्हणून पुढे चालू राहिलं. माझा एक जुना फोन असाच आणखी तीन वर्षं चालला. नंतर मात्र अडचण दुसरीकडून आली. फोन मूळ स्थितीत आहे का, हे ॲप गुगलच्या सेवेला विचारू लागली, आणि बूटलोडर उघडलेल्या फोनवर बँकांची कितीतरी ॲप चालेनाशी झाली. यूपीआयशिवाय चहाही घेत नाही असं गिऱ्हाईक मग कशाला ही दगदग करेल? दुकानातल्या मुलाने माझ्यासमोर एकाला स्पष्ट सांगितलं, "दादा, फोन नवा होईल, पण पैसे पाठवता येतील याची गॅरंटी नाही."

मार्च २०२५ मध्ये गुगलने सांगितलं की अँड्रॉइडचं रोजचं काम यापुढे कंपनीच्या आतच चालेल आणि आवृत्ती तयार झाली की कोड बाहेर येईल. जूनमध्ये अँड्रॉइड १६ चा कोड आला, पण गुगलच्याच पिक्सेल फोनांसाठी लागणाऱ्या फाइली नेहमीप्रमाणे त्यासोबत आल्या नाहीत. लिनिएजओएससारख्या प्रकल्पांचं काम त्यामुळे वाढलं. ऑगस्टमधल्या घोषणेकडे या ओळीतलं पुढचं पाऊल म्हणूनच बघितलं पाहिजे.

गुगलने दिलेलं कारण खोटं नाही. प्ले स्टोअरबाहेरून येणाऱ्या ॲपमध्ये पन्नास पटींहून अधिक घातक सॉफ्टवेअर सापडतं, असं कंपनी म्हणते. लग्नाची पत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके उघडली आणि खात्यातले पैसे गेले, अशी माणसं आपल्या ओळखीत सापडतात. त्यांचं नुकसान खरं आहे. पण त्यावर उपाय म्हणून प्रत्येक ॲप बनवणाऱ्याची नोंदवही एकाच कंपनीच्या हातात द्यायची, हे मला पटत नाही. २०१० पासून फक्त खुल्या कोडची ॲप देणाऱ्या एफ-ड्रॉइडनेही याला कडाडून विरोध केला आहे. लोकांनी स्वेच्छेने लिहिलेली ॲप तिथे असतात, त्या सगळ्यांनी आपली ओळख गुगलला द्यायची म्हटलं तर त्या भांडाराचा पायाच हलतो. हा विरोध वाढल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये गुगलने थोडी माघार घेतली. धोका समजून उमजून पत्करणाऱ्यांना नोंद नसलेलं ॲप टाकता येईल अशी वेगळी वाट ठेवू, असं सांगितलं. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी शुल्क नसलेलं मर्यादित खातंही जाहीर झालं आहे.

कारखान्यातल्या ॲपचं काय करायचं यावर आम्ही तिघं मागच्या आठवड्यात बसलो. पुतण्या आता पुण्याला नोकरीला आहे, तो फोनवर होता. खातं कुणाच्या नावाने काढायचं, त्याच्या की कारखान्याच्या? ॲप नोंदवायचं तर ज्या किल्लीने एपीकेवर सही केली ती आपल्याकडे आहे हे दाखवावं लागतं. ती किल्ली म्हणजे एक लहानशी फाइल, आणि ती त्याच्या कॉलेजच्या लॅपटॉपमध्ये आहे. लॅपटॉप सोलापूरच्या घरी माळ्यावर पडलेला, दोन वर्षं चालू केलेला नाही. ती फाइल गेली तर त्याच नावाने ॲपची नवी आवृत्ती जुनीवर चढणार नाही, चाळीस फोनांवरून जुनं काढून नवं टाकावं लागेल. गड्ड्याला तो घरी येईल तेव्हा आधी लॅपटॉप उघडून ती फाइल दोन ठिकाणी उतरवून ठेवायची, असं ठरलं आहे.